चौदा नंबरचा पत्ता

पुण्याची बदली मी का घेतली नाही, हे विचारलंत म्हणून सांगतो. जानेवारीतली दुपार, पावणेपाचचा सुमार. दिल्लीत, आर. के. पुरमच्या आमच्या क्वार्टरबाहेर इतकं धुकं की समोरची इमारत दिसेना. बदलीचा अर्ज पाचच्या आत छापून, सही करून पाठवायचा होता. काम एवढंच.

पण प्रिंटर ऐकेना. तो माझ्या बायकोनं, रुचिरानं, लावलेला. घरातल्या प्रत्येक कॉम्प्युटरला तिनं घरच्या नेटवर्कवरचा कायमचा पत्ता नेमून दिला होता, शेवटचा आकडा ज्याच्या-त्याच्या जन्मतारखेचा. माझा सत्तावीस, तिचा चौदा. आणि प्रिंटर फक्त चौदाचं ऐकायचा. "तू फालतू कागद छापतोस यार," म्हणायची. ती वारून पाच महिने झाले होते. तिचा कॉम्प्युटर मी करोल बागेतल्या एका अभ्यासिकेला देऊन टाकला होता.

बहिणीचा, चेतनाचा, फोन आला.

"दादा, अर्ज गेला का?"

"प्रिंटर अडलाय. वहिनीच्याच नंबरचं ऐकतो."

"मग तो नंबर तू घे ना. आता कोणाला लागणार आहे?"

बरोबरच होतं तिचं, तरी जिव्हारी लागलं. माझ्या कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये पत्ता हातानं भरायचा पर्याय निवडला, चौदा टाकला. पडद्यावर ओळ आली: हा पत्ता वापरात आहे.

घरात दुसरा कॉम्प्युटरच नव्हता. मी चौदाला हाक मारून पाहिली. तशी सोय असते. एक कॉम्प्युटर दर सेकंदाला दुसऱ्याला हाक मारतो, आणि उत्तर यायला किती वेळ लागला ते दाखवतो. लांबून उशिरा, जवळून लवकर.

उत्तर आलं. चाळीस मिलिसेकंद.

शेजाऱ्यांचं काहीतरी असेल म्हणून मी नेटवर्कची केबल उपटून हातात घेतली. वायफाय आधीच बंद होतं.

वीस... नऊ... चार...

हिटरचा जळका वास खोलीत भरला होता. पण मला उठवेना. पाच महिन्यांत या घरात मला कोणी ओ दिली नव्हती हो.

"रुचिरा..." मी हळूच म्हणालो, "पुण्याला जाऊ ना मी?"

नऊ. वीस. चाळीस. ऐंशी. आकडे वाढतच चालले. ती लांब लांब जात होती, न भांडता, आणि मला ते बघवेना.

"नको... नाही जात मी. थांब."

आकडे उतरू लागले. शेवटी इतके लहान झाले की कॉम्प्युटर स्वतःलाच हाक मारतो तेव्हा दिसतात तेवढे. पाच वाजून गेले होते. मी हाका थांबवल्या. खाली हिशेब उमटला.

मारलेल्या हाका तीनशे बारा. आलेली उत्तरं तीनशे तेरा.