सहारहून आणलेली पेटी

मयूर, तुझा व्हिसा आला म्हणे. तीन महिन्यांचा ना? मग जरा बस इथं. देवेश, तूही बस. घाबरवायला सांगत नाही रे. माझा साडू काळुराम, आंबिवलीला ज्याची शववाहिनी आहे, त्याच्यासोबत झालेली गोष्ट आहे. आणि काळुराम एक वेळ गप्प बसेल, पण खोटं बोलणार नाही.

तारीख सांगतो. बारा डिसेंबर दोन हजार तेवीस, मंगळवार. संध्याकाळी सातला त्याला फोन आला. मोहन्याचे बाबुराव. आधी तिथल्याच कंपनीत होते, कंपनी बंद पडल्यावर वॉचमनकी केली. म्हणाले, "काळुराम, सहारला जायचंय, विमानतळावर. सम्यकला आणायला."

सम्यक त्यांचा एकुलता एक. सव्वीस वर्षांचा. आखातात शटडाउनच्या कामाला गेलेला. म्हणजे तेलाची रिफायनरी महिना-दोन महिने बंद ठेवतात आणि आतून सगळी साफ करतात. तेवढ्यापुरती माणसं बाहेरून नेतात, आपल्याकडची, नेपाळची, तेलंगणातली. काम संपलं की परत पाठवतात. सम्यक टाकी साफ करायला आत उतरला. आत गॅस होता... बावीस दिवसांनी पेटी आली.

कार्गोतून कागद होऊन निघायला साडेबारा वाजले. बाबुराव पुढं, काळुरामच्या बाजूला. मागं पेटी, तिच्यावर इंग्रजीत सम्यकचं नाव आणि पासपोर्टचा नंबर. हायवेला लागल्यावर बाबुराव म्हणाले, "जरा हळू घे रे. त्याला गाडी लागते."

काळुरामनं हळू घेतली. 

माजिवड्याचा पूल उतरले तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झालेली. वेळ लक्षात राहिली, कारण तेव्हाच मागून आवाज आला. पुढची सीट आणि पेटी यांच्या मधल्या पत्र्यावर. टक... टक... टक.

"पट्टा सुटला असेल," काळुराम म्हणाला. गाडी बाजूला घेतली, मागचं दार उघडून बघितलं. पट्टे घट्ट. पेटी जागच्या जागी.

रांजणोली नाक्यावरून कल्याणकडं वळले. कोनच्या अलीकडं रस्ता रिकामा. पुढं गाडी नाही, मागं गाडी नाही. परत तेच. टक... टक... टक.

"ऐकलंत?"

बाबुराव समोर बघत होते.

"बाबुराव?"

"चालव."

मग बोलणं आलं. मागून. हळू. तरण्या पोराचा आवाज. राग नाही, धमकी नाही. झोपेत चुकीच्या स्टँडवर उतरलेला माणूस बोलतो ना, तसा.

"इदि मा ऊरु कादु..."

काळुरामनं गाडीचा वेग वाढवला.

"इदि मा ऊरु कादु..."

दुर्गाडीच्या पुलापर्यंत तेवढंच. पुन्हा पुन्हा. मग रडणं. मग... काहीच नाही.

पूल संपला तेव्हा बाबुराव बोलले. "हा सम्यकचा आवाज नाही."

मोहन्यात अख्खी गल्ली जागी होती. शांताबाईंनी, सम्यकच्या आईनं, पेटीला दोन्ही हातांनी मिठी मारली. "आलास रे बाळा," म्हणाल्या. बावीस दिवसांत त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं नव्हतं, ते तेव्हा आलं.

उजाडायच्या आत स्मशानात नेलं. पेटी उघडावीच लागते. चेहरा दाखवण्यासारखा राहिला नव्हता, म्हणून बाकीच्यांना लांब उभं केलं. काळुरामनं टॉर्च धरला आणि बाबुरावांनी एकट्यानं कापड बाजूला केलं.

उजव्या हातावर गोंदलेलं होतं. दोन शब्द. गोल गोल अक्षरं, दक्षिणेकडची. सम्यकनं आयुष्यात कधी गोंदवून घेतलं नव्हतं.

बाबुराव बघत राहिले. मग कापड परत ओढलं. नीट, खांद्यापर्यंत. झोपलेल्या पोरावर ओढतात तसं.

लांबून शांताबाईंनी विचारलं, "अहो... आपलाच आहे ना?"

बाबुरावांनी कापडाची कड खाली खोचली.

"अहो?"

"हो," बाबुराव म्हणाले. "आपलाच आहे."

विहारातल्या भन्तेजींनी त्रिशरण म्हटलं. बाबुरावांनी अग्नी दिला.

काळुरामला चार दिवस झोप नाही. ते शब्द डोक्यातून जाईनात. शेवटी शहाडला सेंट्रिंगचं काम करणारा एक तेलुगू मिस्त्री त्याच्या ओळखीचा, त्याला त्यानं ते म्हणून दाखवले. मिस्त्री हसला. म्हणाला, "सीधा है भाऊ. हे आमचं गाव नाही, असं बोलतोय."

काळुराम तसाच बाबुरावांकडं गेला. राखेचं मडकं कोनाड्यात होतं. बाबुरावांनी ते नदीत सोडलंच नव्हतं.

"ती राख सोडायचा हक्क मला नाही रे," बाबुराव म्हणाले. "पण तेव्हा काय करायला हवं होतं, सांग. शांता समोर उभी. आणि ते पोर... तेही कुणाचं तरी होतं ना? दारात आलेल्याला परत कार्गोत टाकून येऊ?"

त्या रात्री त्यांनी बायकोला सांगितलं. शांताबाईंनी कोनाड्यातलं मडकं उतरवून त्यांच्यापुढं ठेवलं. मग म्हणाल्या, "आधी त्याला त्याच्या आईकडं पोचवा. माझ्याची चौकशी मग करा."

सम्यकच्या खोलीवर राहणारा कमलेश अजून आखातातच होता. त्यानं फोनवर सांगितलं. टाकीत दोघं गेले होते. सम्यक आणि राजन्ना. पेट्या एकाच दिवशी बंद झाल्या, नावांच्या चिठ्ठ्या कुणी तरी घाईत चिकटवल्या. राजन्नाचं गाव करीमनगरच्या पुढं.

काळुराम, बाबुराव आणि तो मिस्त्री, तिघं गेले. दिवेलागणीला पोचले. राजन्नाची आई नरसव्वा, वाळून काटकी झालेली बाई. मिस्त्रीनं सगळं सांगितलं. तिनं मडकं मांडीवर घेतलं आणि पदरानं पुसत राहिली.

मग बाबुरावांनी विचारलं, "आणि... आमचा?"

मिस्त्रीनं विचारलं. ती काय म्हणाली ते सांगायला त्याला जड गेलं. पेटी आली त्याच आठवड्यात जाळला होता, राजन्ना समजून. राख गोदावरीत सोडली. आता काहीच उरलं नव्हतं.

नरसव्वा बाबुरावांच्या पाया पडायला वाकली. त्यांनी तिला वरच्या वर धरलं. दोघं तशीच उभी राहिली. रडली. एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी.

मग तिनं त्यांचा हात धरला आणि घरामागं नेलं. मिस्त्री सांगत होता. राख सोडली त्या दिवसापासून रात्री कुणी तरी घराभोवती फिरतं. आत येत नाही. बाहेर भात ठेवला, खाल्ला नाही. काही तरी बोलतं, ते इथं कुणाला कळत नाही. आणि मागच्या भिंतीवर हे असं उमटतं. दोनदा चुना मारला. परत येतं. घरात कुणाला वाचता येत नाही.

काळुरामनं टॉर्च मारला.

पांढऱ्या भिंतीवर काळी अक्षरं. दाट. डांबरासारखा वास. मराठी.

*आंबिवली स्टेशनला उतरायचं. तिथून मोहन्याची रिक्षा. विहाराच्या मागं तिसरं दार. आई जागी असेल.*

बाबुरावांनी वाचलं. परत वाचलं. पोराचं अक्षर बापाला कळतं.

त्यांनी शेवटच्या अक्षरावर बोट टेकवलं...

ओलं होतं.