मेणातला तुकडा

आमच्या प्रयोगशाळेत घरच्या माणसाची बायोप्सी आपण कापायची नाही, असा नियम आहे. मी तो मोडला. दादाच्या मानेतल्या गाठीचा तुकडा मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवून त्याचे पातळ काप मीच काढले. दुसऱ्या कुणाच्या हातावर माझा विश्वास नव्हता. कॅन्सरच निघाला. उरलेला ब्लॉक मी खणात ठेवला. पांढऱ्या मेणात वाटाण्याएवढा करडा तुकडा.

औषधं सुरू व्हायच्या आधीच वहिनीने तापाने फणफणलेल्या लेकीला दादाच्या कुशीत झोपू दिलं. मी तिला नाही नाही ते बोलले. व्हायचं तेच झालं, दादाला फ्लू झाला. ताप एकशे तीन.

चौथ्या दिवशी वहिनीचा फोन आला. "ताई, गाठ हाताला लागतच नाहीये!"

डॉक्टर म्हणाले, "क्वचित होतं असं. विषाणूशी लढता लढता शरीर गाठीवरही तुटून पडतं. पण यावर विसंबू नका. जुन्या तुकड्याचे नवे काप पाठवा."

माझेच दात माझ्या घशात गेले होते. तरी मी खुशीतच खण उघडला. नंबर बरोबर, अक्षर माझं. मेण अखंड होतं, ओरखडासुद्धा नव्हता. आत तुकडा नव्हता.

"ब्लॉक कुणी बदलला?" मी मदतनीस बाईंवर ओरडले.

"मॅडम, किल्ली तुमच्याकडेच असते."

संध्याकाळी दादाचा ताप उतरला. घरी सगळे हसत होते. मीही हसले.

सकाळी मेणात मोहरीएवढा ठिपका होता.

दुपारपर्यंत तो हरभऱ्याएवढा झाला. मी ब्लॉक बर्फावर ठेवला, तरी तो वाढतच राहिला. मला संताप आला. कॅन्सरचा आला नव्हता एवढा त्या उतरलेल्या तापाचा आला. मेला आणखी चार दिवस राहिला असता तर काय बिघडलं असतं?

मी घरी फोन लावला. "पोरगी खोकतेय का अजून?"

"नाही हो ताई, ठणठणीत आहे. का?"

"तिला दादाजवळ..." पुढचं मी गिळलं. माझी मलाच लाज वाटली. "दादाची मान बघ."

"झोपलाय तो."

"बघ म्हणते ना!"

ती उठल्याचा आवाज आला. ब्लॉक माझ्यासमोर बर्फावर होता. मी हात मागे घेतले.

"आहे हो ताई," वहिनी रडवेली झाली. "बारीकशी आहे. थांबा, नीट दाबून बघते."

बर्फावरच्या कडक मेणात दोन बोटं हळूच रुतली.