पाल्याखालचं लोखंड

"हेच घ्यायचं!" रविंद्र ओरडला. "झाकण बघ, आरसा बघ! एकदम मिलिटरीचं!"

"मला ते किल्लीचं आवडलं," प्रेमिला म्हणाली. "केवढंसं आहे! गळ्यात घालता येईल."

"तुझ्या गळ्यात मांजराची घंटा घालू आपण. म्हणजे रानात हरवलीस तर सापडशील."

"आई गं! कौशल्या, बघ ना हा!"

कौशल्याचं दोघांकडे लक्ष नव्हतं. सीताबर्डीच्या त्या दुकानात काउंटरवर तीन होकायंत्रं मांडलेली होती आणि ती एकेक उचलून बघत होती. परवा, दिवाळीच्या सुट्टीत, वाडी गावाच्या पुढे सागाच्या रानात त्यांच्या शाळेचा 'खजिना शोध' होता. रानात डबे लपवलेले असणार, हातात नकाशा मिळणार आणि वाट काढायची ती होकायंत्रावर! वर्गातल्या टोळ्यांनी आठवडाभर आधीपासून फुशारक्या मारायला सुरुवात केली होती. या तिघांच्या खाऊच्या पैशांत एकच यंत्र येणार होतं.

कौशल्याने झाकणाचं पितळी होकायंत्र थोडं तिरकं धरलं. काटा आतल्या काचेला घासून अडकला. किल्लीच्या जुडग्याचं घेऊन ती दुकानात चार पावलं चालली. काटा भिंगरीसारखा गरगरत राहिला. मग तिने तिसरं उचललं. काळं, बसकं, ओबडधोबड! आत तेलासारखं काहीतरी भरलेलं आणि त्यात एक बारीक बुडबुडा. ते घेऊन ती चालली, वळली, उलटी फिरली. काटा संथपणे हलला आणि उत्तरेला जाऊन गप्प बसला.

"हे," ती म्हणाली.

"ते डबडं?" रविंद्र किंचाळलाच. "अगं, जोड्याच्या पॉलिशची डबी वाटते ती!"

दुकानदार ओमप्रकाशही हसला. "बेबी, वो पुराना माल आहे. पितळवाला घ्या, चमक बघा!"

"मैदानात चमक चालेल," कौशल्या म्हणाली. "मैदानात झाड दिसतं, देऊळ दिसतं. सागाच्या रानात पानांपलीकडे काही दिसत नाही. तिथे चालता चालता काटा बघायचा असतो. तो नाचत बसला तर आपणही नाचत बसू!"

रविंद्रने तोंड वाकडं केलं. पण पितळी यंत्राचा काटा पुन्हा अडकला, तेव्हा त्याने ते गुपचूप खाली ठेवलं. डबडं कौशल्याच्या खिशात गेलं.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी कौशल्या आईचा डबा घेऊन धंतोलीला गेली. तिची आई शोभाताई तिथल्या एका दवाखान्यात नर्स होती. मुलींच्या खोलीत एका खाटेवर दहा-अकरा वर्षांची एक बारकी पोर पडली होती. तिचा उजवा पाय उशीवर ठेवलेला होता आणि शोभाताई पट्टी बदलत होत्या. कौशल्याला मान वळवायची होती, पण वळवता आली नाही. पाय काळानिळा सुजला होता. घोट्याच्या आतून आणि बाहेरून, दोन्ही बाजूंनी, ओळीने भोकं पडली होती.

"कुऱ्हाड लागली वं बाई," पोरीची आई सिंधूताई खाली बघत म्हणाली. "लाकडं तोडून राहिली होती."

"कुऱ्हाड एकाच वेळी दोन्ही बाजूंनी लागते का, सिंधूताई?" शोभाताईंनी विचारलं.

 सिंधूताई पाणी आणायच्या निमित्ताने उठून गेली.

पोरीचं नाव सत्यवती. तिचं लक्ष कौशल्याच्या हातातल्या काळ्या डबीवर होतं. "हे काय होय वं?"

कौशल्याने होकायंत्र खाटेवर ठेवलं. काटा झपकन फिरला आणि खाटेच्या लोखंडी दांड्याकडे वळला. सत्यवती हसली.

"लोखंडाकडे पायते काय तो?"

"अगदी जवळ असलं तर बघतो. उद्या आम्ही हे घेऊन वाडीच्या पुढे जाणार आहोत. बागायतदार भैयाजींच्या संत्र्याच्या बागेमागे रान आहे ना, तिथे."

सत्यवतीचं हसू विझलं. तिने दाराकडे पाहिलं. मग कौशल्याचा हात धरून ती हळूच म्हणाली, "मोहाच्या झाडापाशी पाल्यावर पाय नको ठेवजो."

"का?"

"नको ठेवजो म्हटलं ना!"

तेवढ्यात सिंधूताई आली आणि पोरीने डोळे मिटून घेतले.

बाहेर आल्यावर शोभाताई म्हणाल्या, "डॉक्टरांनी किती विचारलं! मायलेकी कुऱ्हाडीचंच नाव घेतात. बाप भैयाजींच्या बागेत कामाला आहे, नत्थू नावाचा. पोरीला आणलं तेही चार दिवसांनी. पाय राहील की नाही, देव जाणे."

*

"पोरांनो, हे रान आपलंच समजा!" भैयाजींनी हात पसरून सांगितलं. पांढरेशुभ्र कपडे, बोटांत अंगठ्या, तोंडात पान. "मी डोळे मिटून फिरतो या रानात. लहानपणापासून!"

खजिना शोध ठरवला होता स्काउटच्या वामनराव गुरुजींनी. पण गुरुजींनी रानात पाऊलही टाकलं नव्हतं. बागेतल्या बाजेवर बसून, संत्री सोलत त्यांनी नकाशा काढला आणि डबे ठेवायचं काम भैयाजींच्या माणसावर सोपवलं. तो माणूस म्हणजे नत्थू. तो झाडाला टेकून उभा होता आणि त्याचं कशातच लक्ष नव्हतं. बक्षीस द्यायला वनखात्याचे दादाजी गोतमारे साहेब दुपारी येणार होते.

शिट्टी झाली आणि टोळ्या सुटल्या!

पहिले दोन डबे कौशल्याच्या टोळीला चुटकीसरशी सापडले. तिसरा ईशान्येला, नाल्याकाठी. बाकीच्या टोळ्यांचे काटे गरगरत होते, म्हणून त्या पायवाटेने वळसा घालून निघाल्या. कौशल्याचा काटा हलत नव्हता. ती सरळ रानात घुसली.

परातीएवढी सागाची पानं डोक्यावर आणि तसाच पाला पायाखाली. थोड्या वेळाने मोकळी जागा लागली. मधे मोहाचं जुनं झाड होतं. कौशल्या थबकली.

"काय झालं?" रविंद्र म्हणाला. "दमलीस? प्रेमिला दमली तर समजू शकतो, तिला स्वतःचंच ओझं होतं!"

"थांब रे! दवाखान्यातल्या त्या मुलीने हेच झाड सांगितलं होतं."

कौशल्या गुडघ्यावर बसली. तिने होकायंत्र पाल्यावर टेकवलं आणि हळूहळू पुढे सरकवलं. काटा थरथरला. मग उत्तर सोडून तो समोरच्या पाल्याकडे वळला.

"बिघडलं!" रविंद्रने टाळी वाजवली. "मी सांगत होतो! डबडं ते डबडंच. चला, मी दाखवतो रस्ता!"

त्याने पाय उचलला. कौशल्याने मागून त्याच्या सदऱ्याला असा हिसका दिला की तो पाठीवरच पडला.

"वेडी झालीस का?"

 तिने एक वाळकी फांदी उचलली आणि पाल्यात खुपसली.

खट्!

पाला उडाला. मनगटाएवढी फांदी मधोमध कचकन मोडली. दोन लोखंडी जबडे दातांत दात घालून बसले होते. त्यांची साखळी मोहाच्या बुंध्याला बांधलेली होती.

प्रेमिला रडू लागली. रविंद्र उठून बसला. तो आपल्या पायाकडे बघत होता, जणू तो पाय अजून आहे की नाही याची त्याला खात्री करायची होती.

"रानडुकरांसाठी असतील," तो पुटपुटला.

"बागेच्या कुंपणाला कुठे लावलेत? इथे तर बायका लाकडाला येतात." कौशल्या खाली वाकली. बुंध्याजवळ एक निळी रबरी स्लिपर पडली होती, छोटीशी. तिच्यावर काळं पडलेलं रक्त वाळून गेलं होतं आणि मुंग्या फिरत होत्या.

 मग प्रेमिलानेच डोळे पुसले. "गुरुजींना सांगू या!"

"गुरुजी भैयाजींना विचारतील," कौशल्या म्हणाली. "त्या मुलीचा बाप त्यांच्याकडेच कामाला आहे, आणि घरचे कुऱ्हाडीचं नाव घेतात. भैयाजी म्हणतील, मला काय माहीत, कोणी चोरट्या शिकाऱ्याने लावले असतील. आणि संध्याकाळपर्यंत सगळे सापळे गायब!"

"मग?"

"त्यांना विचारायचंच नाही. त्यांना या पाल्यावरून चालवायचं."

तिघांनी लांब काठ्या तोडल्या. कौशल्या पाल्यावर होकायंत्र सरकवत पुढे, काटा फिरला की रविंद्र लांबून काठी खुपसणार. खट्! आणखी एक. खट्! नाल्यापर्यंत त्यांनी सगळी जागा वीत न् वीत चाचपून काढली. दर आवाजाला प्रेमिला कान झाकत होती, पण मिटलेल्या प्रत्येक सापळ्यावर पुन्हा पाला पसरण्याचं काम तिनेच केलं. समोर नाल्याकाठी तिसरा डबा चकाकत होता. तो त्यांनी तिथेच राहू दिला.

*

"गुरुजी, तिसरा डबा दिसतो, पण तिथे जायची भीती वाटते," कौशल्या अगदी गरीब चेहरा करून म्हणाली.

सगळे हसले. गोतमारे साहेब आले होते, त्यांच्यासमोर वामनराव गुरुजींना शरम वाटली. "भीती कसली? स्काउटची पोरं तुम्ही!"

"भैयाजीकाका आले तर जाऊ. ते डोळे मिटून फिरतात ना!"

साहेब म्हणाले, "चला भैयाजी, आम्हालाही रान दाखवा!" आता नाही कसं म्हणणार? सगळी वरात निघाली. मागून नत्थूही आला.

मोहाचं झाड दिसताच भैयाजींची पावलं मंदावली. मोकळ्या जागेच्या कडेला ते अगदी रेघ आखल्यासारखे उभे राहिले.

"तो बघा डबा, काका! या इथून सरळ."

"इथून काहून? नाल्याकडून जाऊ. इथं काटे आहेत."

"काटे कुठे? नुसता पाला आहे."

"माझे जोडे नवे आहेत वं पोरी." भैयाजींच्या कपाळावर घाम आला होता. साहेब त्यांच्याकडे टक लावून बघू लागले. भैयाजींनी झटकन इकडेतिकडे पाहिलं आणि रविंद्रच्या खांद्यावर हात ठेवला. "हा पोरगा चपळ आहे. जा गा, तूच आण डबा. सरळ जा."

हे काही ठरलेलं नव्हतं! भैयाजी नाही म्हणतील, अडखळतील, एवढंच कौशल्याने धरलं होतं. रविंद्रने तिच्याकडे पाहिलं. तो पांढरा पडला होता. एखादा सापळा राहून गेला असेल तर? 'नको' हा शब्द तिच्या ओठांवर आला. पण रविंद्रने मान हलवली आणि चालू लागला.

एक पाऊल. पाला चरचरला.

कौशल्या भैयाजींकडे बघत होती. एका शब्दाने ते त्याला थांबवू शकत होते. त्यांनी तो शब्द उच्चारला नाही. त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले आणि खांदे आवळून ते आवाजाची वाट बघत राहिले.

"पोराले काहून पाठवून राहिले, भैयाजी!"

नत्थू होता तो. गर्दी ढकलून तो धावत पाल्यात घुसला आणि त्याने रविंद्रला उचलून छातीशी धरलं. "माह्या पोरीचा पाय खाल्ला ना तुम्ही! पोट नाही भरलं काय? अजून पाह्यजे काय?"

"चूप!" भैयाजी गरजले. "पिऊन आला काय?"

"मीच लावले साहेब, माह्या हातानं लावले!" नत्थू ओरडत होता. "बिबट्याच्या कातड्यासाठी. माही सत्या लाकडाले आली, मले माहीत नव्हतं. हे म्हणाले, कुऱ्हाड सांग, नाही तर घरदार उठवतो. काल म्हटलं, पोरं येऊन राहिली, सापळे काढू. तर म्हणाले, पोरं पायवाटेनं जातात!"

रविंद्र त्याच्या हातांतून उतरला. त्याने काठीने पाला बाजूला केला. मिटलेले लोखंडी जबडे एकामागून एक उघड्यावर आले. कौशल्या भैयाजींच्या समोर जाऊन उभी राहिली.

"काका, आम्ही सगळे आधीच मिटवून ठेवले होते. तुम्ही डोळे काहून मिटले?"

भैयाजींनी तोंड उघडलं. पान तोंडातून ओघळलं आणि पांढऱ्या सदऱ्यावर लाल डाग पडला. एक मुलगा फिस्सकन हसला. मग दुसरा. मग सगळी पोरं हसू लागली, आणि कोणत्याही मोठ्या माणसाने त्यांना थांबवलं नाही.

गोतमारे साहेबांनी सापळे जप्त केले. भैयाजींना आणि नत्थूला, दोघांनाही, त्यांच्या जीपमध्ये बसावं लागलं. निघताना साहेबांनी तिघांच्या पाठीवर थाप मारली. "माझ्या माणसांनी वर्षभर फिरून जे शोधलं नाही, ते तुम्ही एका सकाळीत शोधलंत. शाबास!"  वामनराव गुरुजींनी नकाशाचे तुकडे तुकडे केले. "पोरांनो, मी बाजेवर बसून राहिलो," एवढंच ते म्हणाले.

परतताना बसमध्ये रविंद्रने प्रेमिलाला खिडकीची जागा दिली, आणि तिला एकदाही चिडवलं नाही.

*

संध्याकाळी कौशल्या धावतच दवाखान्यात गेली. कधी एकदा सत्यवतीला सांगते असं तिला झालं होतं!

खाटेवरची चादर उजव्या बाजूला गुडघ्याखाली एकदम सपाट झाली होती. पाय सकाळीच कापला होता. रानात शिट्टी वाजली, त्याच सुमाराला.

सत्यवती जागी होती. कौशल्याने अडखळत अडखळत सगळं सांगितलं. सापळे, भैयाजी, जीप. नत्थूचं नाव ती गाळणार होती, पण सत्यवतीनेच विचारलं.

"बापू कुठं आहे?"

"त्यांनी खरं सांगितलं. साहेब म्हणाले, ते साक्ष देतील, मग सुटतील. सापळे त्यांनीच लावले होते, म्हणून..."

"मले माहीत होतं," सत्यवती छताकडे बघत म्हणाली. "साखळीले त्यायचीच गाठ होती. म्हणून तर कुऱ्हाड म्हटली मी."

भैयाजींच्या धाकाने गप्प होती ती सिंधूताई. ही पोर गप्प होती ती बापासाठी.  सत्यवतीने भिंतीकडे तोंड फिरवलं आणि ती आवाज न करता रडू लागली.

दारात शोभाताई उभ्या होत्या. त्यांना रानातली बातमी कळली होती. त्यांनी जवळ येऊन लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला.

"बरोबर केलंस," त्या म्हणाल्या. "तुझ्या जागी मी असते तर मला जमलं नसतं. आता इथे बस. काही बोलू नकोस."

कौशल्या स्टूल ओढून खाटेपाशी बसली. बाहेर दिवाळीचे फटाके वाजत होते. दर आवाजाला सत्यवती दचकत होती, आणि प्रत्येक वेळी कौशल्या तिचा हात घट्ट धरत होती.