संध्याकाळची भूमिती

"एवढ्या कोऱ्या कॅसेटी? गाणं म्हणता की काय?"

दुकानदाराच्या डोळ्यांत हसू होतं. यशोधरानं पदर सावरला. बेलापूरच्या बाजारात ती पहिल्यांदाच या दुकानात शिरली होती.

"गाणं नाही. भूमिती."

"भूमिती... म्हणता?"

"शिकवते! हायस्कूलमध्ये, नववीला."

तिची अडचण साधी होती. फळ्यावर शिकवण्यातच तास संपायचा. मुलांना अडायचं ते घरी, गणितं सोडवताना, आणि तिथं सांगणारं कुणी नसायचं. म्हणून तिनं उलटंच करायचं ठरवलं. धडा मुलांनी घरी ऐकायचा आणि गणितं वर्गात, तिच्यासमोर सोडवायची.

"झकास!" तो म्हणाला. "पण मॅडम, टेप किती घरांत आहे?"

हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. वस्तीवर अर्ध्या घरांत वीजसुद्धा नव्हती.

"माझ्याकडे भोंगे आहेत, बॅटरीवर चालणारे," तो हळूच म्हणाला. "लग्नसराई सोडली तर रिकामेच असतात... मीही."

त्याचं नाव सम्राट.

शाळा सुटली की दुकानात रेकॉर्डिंग चालायचं. दार सताड उघडं, आणि तरीही दोघांना वाटायचं, जग कुठंतरी लांब राहिलंय. मध्येच तो हात वर करायचा.

"थांबा, एसटी गेली. परत म्हणा."

"मला नाही ऐकू आली!"

"नसेल गेली..." तो टेपकडे बघत म्हणायचा, "पण परत म्हणा ना."

दिवेलागणीला सम्राटनं समाजमंदिरावर चढवलेला भोंगा बोलू लागायचा. चुलींचा धूर, उसाच्या फडांवर उतरलेलं धुकं, आणि त्यातून तरंगत येणारा तिचा आवाज — 'अंगणात काडीनं एक त्रिकोण काढा. दोन बाजू सारख्या...' अंगणाअंगणांत कंदिलाच्या उजेडात मुलं वाकायची. भाकरी थापणाऱ्या आयांचे हात क्षणभर थांबायचे. यशोधरा खोलीच्या खिडकीत उभी राहून स्वतःचाच आवाज ऐकायची आणि तिला वाटायचं, या आवाजात हल्ली काहीतरी वेगळंच मिसळतंय. ते कुणी ओळखेल का? निदान एक जण तरी?

थंडी वाढली, तशा तक्रारीही आल्या. मुख्याध्यापक रंगनाथ सरांनी तिला बोलावलं. "बाई, पालक म्हणतात तुम्ही वर्गात शिकवतच नाही. नोकरी अजून कच्ची आहे तुमची. उद्या मी येऊन बसतो."

ते आले, मागच्या बाकावर बसले. फळ्याशी दोन मुली हमरीतुमरीवर आल्या होत्या, सिद्धतेची एक पायरी गळली होती म्हणून. यशोधरा बाकांमधून फिरत होती. कुणाची चूक दाखवत, कुणाला पुन्हा विचारत. एरवी तोंड न उघडणारी जयमाला उठली. "न्हाई बाई, आधी ह्ये दोन त्रिकोन एकरूप दाखवायला पायजेत!" आणि तिनं ते दाखवलंही.

सर जाताना एवढंच म्हणाले, "चालू ठेवा."

कधी एकदा सम्राटला सांगते, असं तिला झालं. पण त्या संध्याकाळी भोंगा बोललाच नाही. ती तडक दुकानात गेली. भोंगा कोपऱ्यात उतरवून ठेवलेला होता.

"का काढलात?"

"लोक बोलायला लागलेत." त्यानं मान वर केली नाही. "तुमची नोकरी..."

"काय बोलतात?"

"हेच... मास्तरीणबाईंचं आणि भोंगेवाल्याचं काहीतरी आहे म्हणून."

"खोटं बोलतात?"

तो वायर गुंडाळत राहिला. गुंडाळलेली पुन्हा सोडली.

"तुमच्या बाजूचं मला माहीत नाही. माझ्या बाजूनं... खरं आहे."

बाहेर उसाची गाडी घुंगरं वाजवत गेली. यशोधरानं जमिनीवर पडलेलं वायरचं टोक उचललं. मग तिचा आवाज आला. भोंग्यातून कधीच ऐकू न आलेला, अगदी हळू.

"माझ्याही."

त्यानं मान वर केली.

"रविवारी आई-बाबा येतायत. चहाला या. मी सांगणार आहे त्यांना." ती वळली आणि भिंतीला टेकवलेली शिडी स्वतःच उचलू लागली. "चला, अंधार पडतोय. मुलं वाट बघत असतील."

भरबाजारातून दोघं समाजमंदिरापर्यंत गेली. तो भोंगा खांद्यावर घेऊन चढला, ती खाली उभी राहिली. येणारे-जाणारे थबकले. समोरच्या भज्यांच्या गाडीवरून मालनबाई ओरडली,

"बाई, शिडी घट्ट धरा वं! पडंल त्यो!"

"धरलीय, मालनबाई," यशोधरा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "घट्ट धरलीय."