पुलावर बावीस

रोज सकाळी सातला वायरलेसवर पुलावरच्या पोलिसांची हजेरी घ्यायची, हे माझं काम. मी परदेशी फौजेचा दुभाषी. कॅप्टन हेस यादी समोर धरायचा, मी एकेक नाव बापाच्या नावासकट वाचायचो, पलीकडून ‘हाजिर’ आलं की तो खूण करायचा. बावीस नावं, बावीस खुणा. साहेब खूश.

पुलावर माणसं होती नऊ. बाकीची तेरा नावं मेलेल्यांची. त्यांची ओळखपत्रं या पोलिसांच्या कमांडरने, शाह पसंदने, दाबून ठेवली होती आणि मेल्यांच्या वाटचं पीठ, काडतुसं तो निलाजरा बाजारात विकायचा. ते नऊजण आवाज बदलून ओ द्यायचे, कुणी घोगरा, कुणी नाकातून. शेवटच्या नावाला मी दातओठ खायचो. झलांद, वलद नसरुल्ला. माझा धाकटा भाऊ. दोन वर्षांपूर्वी याच पुलावर शाह पसंद त्याला गोळीबारात एकटा टाकून पळाला होता. मी गप्प राहायचो, कारण आमची आई त्याच्या ठाण्यामागच्या गल्लीत राहते, आणि हा हलकट मला चहा देताना तिची खुशाली विचारायचा.

त्या दिवशी मात्र बोललो. आम्ही बाराजण कालव्यापलीकडच्या गावात जाणार होतो, आणि परत यायला तेवढा एकच पूल. कॅप्टनने नकाशावर लिहिलं, पूल बावीसजण धरतील.

“साहेब, तिथे नऊच आहेत,” मी म्हणालो. “तेही पळतील. आपण पलीकडे अडकून मरू.”

“भावावरून तुझं त्याच्याशी वाकडं आहे, माहीत आहे मला. आणि रोज हजेरी तूच घेतोस ना, इदरीस?”

तळपायाची आग मस्तकात गेली, पण त्या खोट्या यादीला आवाज माझाच होता. मी बटण दाबलं आणि नावं वाचायला लागलो.

त्या सकाळी आवाज बदललेले नव्हते, वेगळेच होते. एक म्हातारा, धाप लागलेला. एक तोतरा, ‘हाजिर’ म्हणायला त्याने तीनदा सुरुवात केली. त्या नऊजणांत तोतरं कुणी नाही. प्रत्येक आवाजामागे पाणी वाहत होतं.

“झलांद, वलद नसरुल्ला.”

“हाजिर, लाला.”

लाला म्हणजे थोरला भाऊ, आणि मला तसं म्हणणारा तो एकटाच होता. कॅप्टनने खूण केली.

पुलावर पोचलो तर नऊजण तुतीखाली चहा पीत बसलेले. बाकीचे अलीकडच्या बागेत मोर्चे धरून आहेत, शाह पसंदने कॅप्टनला छातीठोक सांगितलं. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, सकाळी माझ्या भावाच्या नावाला ओ कुणी दिली?

त्याचा चेहरा उतरला. “आज हजेरी झालीच कुठे? आमचा वायरलेस काल रात्रीपासून बंद आहे.”

मी ते कॅप्टनला सांगितलं. तो हसला. “मग आपण कुणाशी बोललो?” म्हणाला आणि पूल ओलांडून गेला.

दुपारी दोनला गावात गोळीबार सुरू झाला. सकाळी बोललेल्या त्याच वायरलेसवर शाह पसंदला हाका मारून माझा घसा बसला. उत्तर नाही. आम्ही डाळिंबाच्या बागेतून वाकून पळत सुटलो. मागे बंदुका, पुढे तो पूल.

आणि पुलावरून आमच्या डोक्यावरून गोळ्या सुटायला लागल्या. मागच्यांवर. सावकाश, नेम धरून.

“बघ!” कॅप्टन ओरडला. “बघ, किती आहेत!”

मला पुलावर कुणीच दिसलं नाही.

फळ्या हलत होत्या.

आम्ही बाराच्या बारा पार झालो.

छावणीच्या फाटकात शाह पसंद बाजेवर बसला होता. त्याच्या कपड्यांवरची धूळही झटकून झाली होती. पहिल्याच गोळीला नऊजणांना घेऊन पळाला होता हरामखोर. कॅप्टनने त्याचे दोन्ही हात हातांत घेतले. मग माझ्याकडे वळला.

“त्याला सांग, त्याची माणसं आज वाघासारखी लढली. आणि तो उंच जवान, गुडघाभर पाण्यात उभा होता, तो अनवाणी होता. त्याला बूट द्या म्हणावं.”

मी शब्द न शब्द सांगितला. झलांदचं प्रेत घरी आणलं तेव्हा त्याच्या पायात बूट नव्हते. कालव्यात वाहून गेले, असं मी आईला सांगितलं होतं.

शाह पसंदने हळूच बुटांतले दोन्ही पाय बाजेखाली ओढून घेतले.