शेवटी सत्तर असलेला पत्ता

ताईच्या धाकट्या भावाला घरात सगळे बारक्या म्हणत. आता दारातून वाकून आत यावं लागेल इतका तो आडदांड झाला होता, एका मोठ्या कचेरीतले सगळे कंप्युटर एकट्याने सांभाळत होता, पण नाव काही सुटलं नव्हतं. ताईने दुसऱ्या मजल्यावर नवं बिऱ्हाड थाटलं त्या दिवशी सामानाची खोकी उघडायच्या आधी त्याने तिचा कंप्युटर खिडकीपाशी मांडला आणि त्यातली एक सेटिंग बदलली.

"कंप्युटरला नावं कळतात, घरं कळत नाहीत," तो म्हणाला. "तू साइटचं नाव टाकलंस की तो आधी कुणाला तरी विचारतो, हे राहतात कुठे? कुणाला विचारायचं त्याचा पत्ता इथे असतो, आणि तो खोटं बोलला तर तू भलत्याच दारात पोचशील. इथे मी भरवशाचा पत्ता घातलाय. तू हात लावू नकोस."

ताईला हे समजावून सांगायची गरज नव्हती. याच एका सेटिंगपायी तिचं मनगट मोडलं होतं.

जुन्या घरात चपलांच्या कपाटामागे नवऱ्याने एक काळी पेटी बसवली होती. घरातल्या प्रत्येक यंत्राने रस्ता विचारायचा तो या पेटीलाच, अशी त्याची व्यवस्था. पेटीचा पत्ता सत्तरवर संपायचा. ताई दिवसभरात कुठे कुठे डोकावली ते पेटी टिपून ठेवी आणि संध्याकाळी नवरा चहा पिता पिता वाचे. तो कधी आरडाओरडा करत नसे. बोटातली अंगठी टेबलावर वाजवायचा, टक टक, आणि शांतपणे उठायचा. ताईने एकदा भाड्याच्या खोल्या शोधल्या होत्या. त्या संध्याकाळी त्याने तिचं डावं मनगट ओलं फडकं पिळतात तसं पिळलं. आत काहीतरी मोडल्याचा आवाज दोघांनीही ऐकला. डॉक्टरकडे जाऊ दिलं नाही. न्हाणीघरात घसरले म्हणून ताईने माहेरी सांगितलं, आणि माहेरच्यांनीही ते गोड मानून घेतलं.

बारक्या तिला न्यायला आला तेव्हा नवरा तिला केसांना धरून जिन्याकडे ओढत होता. बारक्याने एकच ठोसा लगावला. नवरा पाठीवर पडला आणि पायरी पायरीवर डोकं आपटत खाली गेला. तळाशी पोचला तेव्हा डोक्याचा मागचा भाग फुटून आत गेला होता. बारक्या खाली जाऊन त्याला पाहून वर आला, त्याने हातोडी शोधली आणि काळी पेटी ठेचत राहिला, तिचा भुगा होईपर्यंत. नवऱ्याच्या मृत्यूची चौकशी झाली, शेजाऱ्यांनी साक्ष दिली, बारक्या सुटला. ताईला त्या दिवशी रडू आलं नव्हतं, आणि त्याची तिला आजही लाज वाटत नव्हती.

तिचं काम होतं ऐकून टाइप करण्याचं. इस्पितळातले डॉक्टर रुग्ण तपासून जे दिसलं ते बोलून ठेवत. ताई इस्पितळाच्या साइटवरून ते आवाज उतरवून घेई, कानाला हेडफोन लावी आणि पायाखालचं पेडल दाबी. पेडल दाबलं की आवाज चाले, सोडलं की थांबे. डॉक्टरमंडळी ‘पूर्णविराम’ आणि ‘नवी ओळ’सुद्धा तोंडाने म्हणत, तिला आता त्याचं हसूही येत नसे. या कामावर तिचं घर चालत होतं, आणि त्या घराच्या दाराची किल्ली फक्त तिच्याकडे होती. पुन्हा कुणाच्या दारात उभं राहायचं नाही, एवढंच तिने मनाशी ठरवलं होतं.

पहिल्यांदा तो प्रकार घडला तेव्हा तिने फारसं मनावर घेतलं नाही. दुपारी एक आवाज आला. डॉक्टर नवा असावा, घसा बसल्यासारखा.

"स्त्री. डावं मनगट. जुना अस्थिभंग, उपचार न झालेला. हाड तिरकं जुळलेलं. हात पिळल्यामुळे. पूर्णविराम."

ताईने सवयीने टाइप केलं, आणि मग तिची बोटं थांबली. तिने आपलं मनगट बघितलं. बोलणं सुरू होण्याआधी कशाचातरी आवाज होता. तिने पेडलने मागे नेऊन पुन्हा ऐकला. धातू लाकडावर आपटावा तसा, दोनदा.

जगात मनगटं काय एकट्या तिचीच मोडतात, असं तिने स्वतःला बजावलं. संध्याकाळी सहज सेटिंग उघडली, तर बारक्याने घातलेला पत्ता गेला होता. त्या जागी शेवटी सत्तर असलेला पत्ता होता.

बारक्या दुसऱ्या दिवशी येऊन हसला. कंप्युटर जुन्या घरातलाच, जुनी खोड जाईना, म्हणाला. त्याने पत्ता पुन्हा घातला, आपोआप बदलण्याची सोय बंद केली, राउटरही तपासला. जाता जाता गंमत म्हणून त्या सत्तरच्या पत्त्याला हाक मारून बघितली. त्यांच्या धंद्यात अशी हाक मारतात, तिकडून उत्तर यायला किती वेळ लागतो त्यावरून यंत्र किती लांब आहे याचा अंदाज येतो. उत्तर येणं शक्य नव्हतं, त्या पत्त्याचं यंत्र त्यानेच ठेचलं होतं.

उत्तर आलं. सावकाश, फार लांबून आल्यासारखं.

"दुसऱ्या कुणाचं तरी असेल," बारक्या म्हणाला, पण पुन्हा हसला नाही.

त्यानंतर ताई डोळ्यांत तेल घालून सेटिंग पाहू लागली. रोज काम सुरू करण्याआधी पत्ता बघायचा, मगच हेडफोन लावायचे. आठवडाभर सगळं ठीक चाललं. मग एका सकाळी कामाची घाई होती, आणि ती बघायला विसरली.

टक टक.

"स्त्री. डाव्या कानावर उघड्या पंजाचा जोरदार आघात. पडदा फाटलेला. कानातून रक्तस्राव. गालावर चार बोटांचे वळ. पूर्णविराम."

हे तिच्या बाबतीत घडलेलं नव्हतं. नवरा कानाखाली कधी मारत नसे, शेजाऱ्यांना दिसेल म्हणून. दुसऱ्याच कुणा बिचारीचं दुखणं, असं समजून तिने ते टाइप करून पाठवलं आणि कप विसळायला स्वयंपाकघरात गेली.

फटका आला तेव्हा खोलीत कोणी नव्हतं. तिचं डोकं नळावर आदळलं, ओठ फुटला, दात लागून जीभ चिरली. ती फरशीवर कोसळली. कानात शिट्टी वाजू लागली आणि मग त्या बाजूला काहीच ऐकू येईना. मानेवरून काहीतरी ऊन ऊन ओघळत होतं. फुटलेल्या कपाचे तुकडे तळव्यात रुतले होते. फार दिवसांनी तिला ती भीती वाटली, आणि सगळ्यात जास्त राग आला तो ती भीती इतकी ओळखीची असल्याचा.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी वळ मोजून विचारलं, घरात कोण आहे? ताई म्हणाली, मी एकटीच. बाईंना ते पटलं नाही.

बारक्याने बहिणीचा गाल पाहिला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. ताईने टाइप केलेलं त्याला वाचून दाखवलं. कंप्युटर पार पुसून त्याने सगळं नव्याने चढवलं. तरी पत्ता बदलला. मग कचेरीतून दुसराच कंप्युटर उचलून आणला, जुन्या घराचं तोंडही न पाहिलेला. चार दिवस तो शहाण्यासारखा वागला. पाचव्या दिवशी त्यातही सत्तर. दर वेळी बारक्या त्या पत्त्याला हाक मारी, आणि दर वेळी उत्तर आधीपेक्षा लवकर येई. आधी दुसऱ्या गावाहून आल्यासारखं. मग शेजारच्या इमारतीतून आल्यासारखं.

काम सोडून दे, माझ्याकडे राहायला ये, असं त्याने सुचवून पाहिलं.

"आणि तुझ्याकडे आला म्हणजे?" ताईने विचारलं. "मला पळायचं नाही बारक्या. हे माझं घर आहे. तू तो पत्ता तेवढा जागचा हलू देऊ नकोस."

सुट्टीच्या दिवशी भर दुपारी बारक्या सोक्षमोक्ष लावायच्या तयारीनेच आला. नुसती सेटिंग बदलून भागणार नाही, असं तो म्हणाला. ती कंप्युटरच्या पोटात जिथे लिहून ठेवलेली असते, त्या जागेलाच कुलूप घालायचं. मग कोणत्याही प्रोग्रामला, कंप्युटरला, खुद्द बारक्यालासुद्धा तिथे एक अक्षर बदलता येणार नाही. त्याने भरवशाचा पत्ता घातला. ताईने तो मोठ्याने वाचून ताडून पाहिला. बरोबर होता.

पण बारक्या पडला धंद्यातला माणूस. काहीही कायमचं बंद करण्याआधी चालतं की नाही हे एकदा बघायचं, हे त्याच्या हाडीमांसी खिळलेलं. त्याने इस्पितळाची साइट उघडली. झटकन उघडली. खूश होऊन त्याने कुलूप घातलं आणि चाव्याही मोडून टाकल्या. पत्ता पुन्हा काही बघितला नाही, आत्ताच तर दोघांनी बघितला होता.

"झालं," तो म्हणाला. "आता ब्रह्मदेव आला तरी हलणार नाही."

ताईच्या जिवात जीव आला. कित्येक दिवसांनी ती हसली, चहाला थांब म्हणाली. तो नको म्हणाला आणि बूट घालायला दाराबाहेर, जिन्याच्या तोंडाशी गेला. ताईचं काम तुंबलं होतं. तिने बसून चांगल्या कानावर हेडफोन सरकवला आणि पेडल दाबलं.

टक टक.

"पुरुष. धिप्पाड बांधा. उजव्या हाताची चार बोटं दारात चिरडलेली."

तिने सेटिंगची खिडकी वर आणली.

सत्तर.

तिने सगळी धडपड करून पत्ता खोडायला बघितलं. एक अक्षर हललं नाही. साइट उघडून बघितली तेवढ्यात पत्ता बदलला होता, आणि पक्कं कुलूप बसलं होतं ते सत्तरवर.

"बारक्या, दारापासून लांब हो!"

तो तिच्या आवाजाने आत यायला वळला. उजवा हात चौकटीवर टेकला.

दार वाऱ्याशिवाय मिटलं.

हाडं मोडल्याचा आवाज तिच्या एका कानानेही नीट ऐकला. बारक्या गुरासारखा ओरडला. दार किंचित उघडलं, पुन्हा मिटलं. पुन्हा. ताईने धावत जाऊन दार दोन्ही हातांनी धरलं, नखं उलटेपर्यंत ओढलं. हात सुटला. बारक्या मागे झोकांडला.

मागे जिना होता.

ती पायऱ्या उतरून त्याच्यापाशी गेली. त्याच्या डोक्याखाली हात घातला आणि लगेच काढून घेतला. हाताला जे लागलं ते तिने एकदा पाहिलेलं होतं.

वर येऊन तिने फोन केला. पत्ता सांगितला. पलीकडची बाई म्हणाली, गाडी निघाली आहे, फोन ठेवू नका.

ताईने कंप्युटरची वायर भिंतीतून उपटली. पडदा काळा झाला. पेडल टेबलाखाली आडवं पडलं होतं, त्यावर कुणाचा पाय नव्हता. तरी टेबलावरच्या हेडफोनमधून बारीक आवाज येतच होता.

तिने तो कानाला लावला.

"श्वास नाही. नाडी नाही. पूर्णविराम. सोबत बहीण. बहीण अद्याप जिवंत. नवी ओळ."