हरेश्वरचे जुने बूट

बी.एस्सी. होऊन मी परळच्या एका शाळेत रसायनशास्त्र शिकवू लागलो, तेव्हा आमच्या चाळीमागच्या खोपटात सखुबाई कोळीण राहत असे. तिचा एकुलता एक मुलगा हरेश्वर पलटणीत शिपाई होता. रजेवर आला की तो ओट्यावर बसून बूट घाशी.

"नोकरी आवडते का रे?" मी एकदा विचारले.

"आवडते, मास्तर. पहाटे बिगूल, मग पट्टा पांढरा करायचा, मग कवायत. होडीवर वारा नेईल तिकडं जायचं. पलटणीत उभा रहा म्हटलं की उभा, जा म्हटलं की जा. डोक्याला ताप नाय."

"घरात कधी हंडा उचलला नाय," सखुबाई आतून म्हणाली, "आणि सायबाचे पट्टे घासतोय!"

"बूट पुसायला तूपण शिक, आये. एक दिवस बूट पुसले नाय तर हवालदार माझी रजा बंद करेल."

लढाईवर बूट घालूनच झोपावे लागते, असे तो सांगे. नाड्या सोडून पाय मोकळे करण्याचे सुख फक्त घरी.

अठराशे सत्त्याण्णव साली पलटण वायव्य सरहद्दीवर गेली. नवे बूट मिळाले म्हणून जुने त्याने आईजवळ ठेवले. मासळीच्या पाट्या धुऊन झाल्या की ती रोज संध्याकाळी ते तेल लावून पुसे आणि नाड्या जाळ्याच्या गाठीने घट्ट बांधी.

दिवाळीनंतर एकदा ती ते बूट घेऊन माझ्या खोलीवर आली.

"रोज सकाळी यांच्यावर धूळ असते, मास्तर. तुमच्या भिंगातून बगा."

धूळ पिवळसर, पिठासारखी बारीक होती. आम्लाचा थेंब टाकताच ती फसफसली. चुनखडी. आमच्या गल्लीतली माती अशी फसफसत नाही, पण चुन्याच्या भट्टीवरचा कोणी गडी बूट चोरून वापरत असेल, असे मी म्हणालो. खात्रीसाठी ते स्वच्छ पुसून माझ्या ट्रंकेत ठेवले, कुलूप लावले आणि किल्ली जानव्याला बांधली.

सकाळी ट्रंक उघडली. बुटांवर तीच पिवळी धूळ होती. टाचेचे खिळे किंचित झिजलेले दिसले.

मी बूट सखुबाईच्या हातात दिले. तिने झिजलेल्या टाचेवरून अंगठा फिरवला.

"चालतोय म्हंजे बरा हाय," ती म्हणाली, आणि पाटी डोक्यावर घेऊन लालबागच्या बाजारात गेली.

मार्गशीर्षात पलटणीतला एक हवालदार तिचे घर शोधत आला. मलाही तिने बोलावून घेतले. हवालदाराने पाणी घेतले, पण प्यायला नाही.

"हरेश्वरला खिंडीवर पहाऱ्याला ठेवला होता. पलटण मागं फिरली. त्याला खाली बोलवायचा हुकूम घेऊन गेलेला माणूस वाटेतच पडला. हुकूम नाही, म्हणून तो उभाच राहिला, बाई. दुसऱ्या दिवशी आम्ही वर गेलो. त्याच्यावर दगड रचून आलो."

"केव्हा?" मी विचारले.

"दसऱ्याच्या आधी."

धूळ यायला लागली ती दिवाळीनंतर.

सखुबाई रडली नाही. ती आत गेली, बूट घेऊन आली आणि हवालदारासमोर जोडून ठेवले.

"म्हंजे त्याला अजून हुकूम मिळाला नाय. तुमी सांगा."

"बाई, असं काय करता..."

"सांगा, दादा. तुमचंच ऐकंल तो."

हवालदाराने पाण्याचे भांडे खाली ठेवले. मग उठला, कोटाची बटणे लावली, ताठ उभा राहिला आणि पहाऱ्यातून सोडण्याचा हुकूम दिला.

"डिसमिस!"

शब्द अर्ध्यावरच फुटला. तो तसाच निघून गेला.

दुसऱ्या सकाळची धूळ फसफसली नाही. तिच्यात अभ्रकाचे कण चमकत होते. ही नदीकाठची माती.

पुढे वाळू आली. कण गोल, वाऱ्याने घासलेले.

मी शाळेतला हिंदुस्थानचा नकाशा घरी आणला. बोट सरहद्दीवरून खाली खाली सरकत गेले.

माघ सरता सरता काळी, चिकट, कापसाच्या मुलखातली माती आली. त्यानंतर घाटातली तांबडी.

सखुबाई रोज पुसत होती. रोज गाठी घट्ट बांधत होती.

होळीच्या आधी एका सकाळी बूट घोट्यापर्यंत गाळाने भरलेले होते. शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली समुद्रातल्या सूक्ष्म शैवालांची काचेसारखी कवचे दिसली. नाडीत तिवराचे ओले पान अडकले होते. गाळ शिवडीच्या खाडीचा होता. आमच्यापासून हाकेच्या अंतरावरचा.

त्या दिवशी सखुबाई बाजारात गेली नाही. तिच्या खोपटातून बोंबलाच्या कालवणाचा वास येत राहिला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी तिच्या दाराशी गेलो. बूट कुडाला लागून नीट ठेवलेले होते. धुळीचा एक कण नव्हता.

नाड्या सुटलेल्या होत्या.

"सखुबाई..."

तिने ओठांवर बोट ठेवले. तिचे डोळे रडून सुजले होते.

"हळू, मास्तर. आत्ताच डोळा लागलाय."

मी वाकलो आणि एका बुटात हात घातला. आतले चामडे अजून कोमट होते.